जनकामावशीचा ब्लाउज

"ब्लाउज शिवायचा हाये."

"माप आणलं का?" दीपमालानं मशीनवरून मान न उचलताच विचारलं.

"माप… समोरच उभं हाये."

तिनं वर पाहिलं, तर काय! चांगला उंचापुरा गडी, आणि नवरदेवासारखा लाजून चूर झालेला. त्यात मोताळ्याचा बाजारदिवस! येणारेजाणारे दुकानात वाकून वाकून पाहू लागले.

गडी मेहकरजवळच्या जानेफळचा, नाव प्रसेनजित. इथं बहिणीकडे आला होता. टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमात तो नवाच लागला होता आणि साडी नेसून जनकामावशी व्हायचा. पण तिथला उसना ब्लाउज काखेत उसवायचा आणि लोक त्या उसवण्यालाच हसायचे.

"मले माह्या बोलण्यावर हसवायचं हाये," तो म्हणाला.

"मले तं तुमच्या मावशीचं हसूच येत नाही," दीपमाला फटकन बोलली. "बाई म्हणजे नुसती कंबर हालवणं असते का?"

"मग तुम्ही शिकवा ना…"

"हाव! अन् मंग टीव्हीवर माहीच नक्कल करसान! सारं गाव मले हसलं तं मले चालणार नाही, सांगून ठेवते."

"नाही करत. शब्द देतो."

टेप छातीभोवती फिरला. त्यानं श्वास रोखून धरला.

"श्वास सोडा."

"सोडला तं… माप वाढीन."

"वाढू द्या," ती म्हणाली, आणि उगाचच तिचे कान तापले.

मग काय, सुटी मिळाली की स्वारी हजर! बाही आवळते, सैल करा. पुढच्या खेपेला — सैल झाली, आवळा. आता जानेफळाहून मोताळा काय शेजारी आहे का? बुलढाण्याला गाडी बदलावी लागते!

"मेहकरात शिंपी मेले का?" ती करवादायची. तो नुसता हसायचा. मग तोंडात टाचण्या धरून ती त्याला सांगायची, बाई पदर कसा खोचते, भांडताना हात कुठं ठेवते. त्याची वाट पाहायची सवय कधी लागली, तिचं तिलाच कळलं नाही.

एक दिवस त्याचा फोन आला. "आज टीव्ही पाहा…"

शेजारच्या बांगड्यावाल्या आशाबाईकडे ती पाहायला बसली. पडदा उघडला — शिलाई मशीन! गळ्यात टेप, तोंडात टाचण्या धरलेली बाई! केलीच मेल्यानं नक्कल! शब्द देऊन!

दीपमाला उठणारच होती… पण ती बाई दुसरीच कोणी नटी होती. प्रसेनजित आज साडीत नव्हताच. तो झाला होता जनकामावशीचा भाचा, मावशीचा ब्लाउज घेऊन येणारा. आज सैल करा, उद्या आवळा.

"तुमची मावशी आज जाड, उद्या बारीक कशी होते हो?" शिंपीणबाईनं विचारलं. लोक पोट धरधरून हसले. तिला नाही, थाप पकडली गेलेल्या त्या भाच्याला.

"मेहकरात शिंपी मेले का?"

"जित्ते हायेत जी," भाचा म्हणाला. "पण त्याइनं माप घेतलं तं… माहा श्वास नाही अडकत."

दीपमाला हसली. इतकी हसली, की डोळ्यांत पाणी आलं. आशाबाई तिच्याकडे पाहतच राहिली.

पुढच्या बाजाराला तो दारात उभा. हातात ब्लाउज.

"आता काय? सैल करू, का आवळू?"

"काहीच नाही. हसल्या का… तेवढं विचारायले आलो."

"हसली." ती लाजून मशीनच्या सुईत दोरा ओवू लागली. दोरा काही ओवला जाईना. "आता पुढच्या खेपेले हा ब्लाउज आणू नका."

त्याचा चेहरा पार उतरला.

"आईले आणा," दीपमाला म्हणाली.