गेलेत, परत आले की पाठवणे

एक सिनेमा परत आला की दुसरा पाठवायचा, बोईसरच्या त्या घरपोच डीव्हीडीवाल्यांचा एवढाच कायदा. गिऱ्हाइकं वेबसाइटवर यादी करत, वैभवी पाकिटं भरे आणि तिचा नवरा सुजित ती मोटारसायकलवरून पोचवी.

महिन्यापूर्वी एडवणहून नलूचा फोन आला होता. ‘‘ताई, आमचे ते गेले. आता नको पाठवू.’’ तिचा नवरा एकनाथ त्यांचं गिऱ्हाईक, बोटीवरचा माणूस. समुद्रात गेला असेल, असं समजून वैभवीने यादीत त्याच्या नावापुढे लिहिलं : ‘गेलेत. परत आले की पाठवणे.’ दोन दिवसांनी सुजितने सांगितलं, एकनाथला त्याच्याच दारात कुणीतरी कोयत्याने तोडलं. वैभवीने जीभ चावली. पण ती ओळ खोडायची राहिली ती राहिलीच. आळस माणसाला असा नडतो.

आज सकाळी पोस्टाने आलेली पाकिटं तिने न बघताच बारकोड वाचणाऱ्या मशीनवर लावली. मशीनने पुढचे सिनेमे कुणाला जायचे ते पत्ते छापले आणि सुजित ती नवी पाकिटं घेऊन गेलासुद्धा. दुपारी ती परत आलेल्या डिस्कवरचे चरे तपासायला बसली, तेव्हा एका पाकिटाला सुक्या बोंबलाचा आणि रक्ताचा वास आला. पाठवणारा : एकनाथ, एडवण. यादीत त्याच्या नावापुढे आता ‘परत आले’ असं होतं.

तिने डिस्क लावली. पडद्यावर आतल्या बाजूने दिसणारं एक दार. दार उघडलं. बाहेर सुजित, सकाळीच तिने इस्त्री केलेल्या निळ्या शर्टात, पाकीट पुढे करून हसत होता. अलीकडून कोयता आला आणि मानेत रुतला. सुजित गुडघ्यांवर बसला. दुसऱ्या घावाला पाकीट धरलेला हात मनगटापासून तुटून उंबऱ्यावर पडला.

वैभवीने सुजितला फोन लावला.

‘‘एडवणला पोचलो,’’ सुजित म्हणाला. ‘‘पाकीट एकनाथच्या नावाचं हाय, नलूनं मागवलं असंल. घर बंद हाय... थांब, उघडतंय कोनतरी...’’

‘‘दारात उभा राहू नको... परत ये. सुजित, परत ये...’’

खच्च. मग आणखी एकदा, लाकूड फोडावं तसं.

तासाभराने पोलिसांचा फोन आला. सुजित गेला. त्याची मोटारसायकल इथेच उभी आहे, कुणाला तरी पाठवा, असं ते सांगत होते.

तेवढ्यात खाली तीच मोटारसायकल थांबली. जिना चढल्याचा आवाज आला. दाराखालच्या फटीतून एक ओलं पाकीट आत सरकलं. ते सरकवणाऱ्या हाताला पंजा नव्हता.