फांदीवरचं पिल्लू

एअर प्लांट म्हटलं की गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न ठरलेला. "म्हणजे नुसत्या हवेवर जगतं? मग नवऱ्यालाही असंच ठेवता येईल का हो?" मी हसते आणि सांगते, हवेवर कुणीच जगत नाही. माती लागत नाही, एवढंच. आठवड्यातून एकदा टबात बुडवायचं, झटकायचं आणि टॉवेलवर उलटं ठेवायचं. पानांच्या बेचक्यात पाणी साचलं की मधून कुजतं. मुळं असतात, पण ती पाणी पीत नाहीत. फांदीला धरून ठेवण्यापुरतीच असतात.

हे मला ताईने शिकवलं. बागा सजवण्याचा धंदा आम्हा दोघींचा. गिऱ्हाइकांना दाखवायला तिच्या परसात आम्ही एक वाळकं खोड रोवलं होतं आणि त्यावर नायलॉनच्या दोऱ्याने ही रोपं बांधली होती. खोडाला जिथे दोन फांद्या फुटल्या होत्या, त्या बेचक्यातलं सगळ्यात मोठं रोप तिचं लाडकं. ताईची पकडही त्या मुळांसारखीच. रस्ता ओलांडताना माझं मनगट धरायची, ते अंगठा बोटांखाली दाबून; त्याचं नख रुतायचं. हॉस्पिटलात शेवटी तसंच धरलं होतं.

ती गेली आणि ते रोप फुललं. हे झाड आयुष्यात एकदाच फुलतं. मग बुडाशी पिल्लू धरतं, त्याला पोसतं आणि स्वतः हळूहळू वाळून जातं. पिल्लू दिसलं त्या दिवशी मी ढसाढसा रडले. ताईची मुलगी, आमची चिमणी, शाळेतून आली की त्या खोडाखाली जाऊन बसायला लागली. बसू दे म्हटलं.

पण आई-रोप वाळेना. उलट तिची पानं जाड, हिरवीगार होत गेली आणि पिल्लू आक्रसायला लागलं. इतक्या वर्षांत असं मी पाहिलं नव्हतं. ऊन बदललं, पाणी वाढवलं, खत फवारलं. सगळं आईनेच खाल्लं.

इकडे चिमणी खंगत चालली. ताट तसंच राही, हात गार पडत. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या. "मुलगी ठणठणीत आहे, आईची आठवण येत असेल," म्हणाले. मीही मनाला तेच बजावलं. झाडाचा आणि मुलीचा संबंध जोडायला माझं डोकं काही फिरलं नव्हतं.

एका दुपारी पिल्लाचं एक पान गळून पडलं, आणि चिमणी अंथरुणातून उठली नाही.

"काय होतंय गं, राणी?"

"काही नाही. आई म्हणते, अजून थोडंच."

मला असा संताप आला की सांगता सोय नाही. सुरी घेऊन मी परसात गेले. चिमणीचे वडील, आमचे भाऊजी, मागोमाग आले.

"फार लहान आहे ते. आईच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं झाल्याशिवाय पिल्लू काढायचं नाही, तुम्हीच दोघी सांगायचात ना? मरेल ते."

"इथे राहिलं तरी मरेल."

"अगं, तिची शेवटची आठवण आहे. हात लावू नकोस."

"आठवणीला भूक लागत नाही, भाऊजी."

 मी पानं बाजूला केली. फांदीला एकही मूळ नव्हतं. सगळी मुळं पिल्लाभोवती गुंडाळलेली होती.

सुरी लावली. मूळ तुटेना.

"ताई," मी मोठ्याने म्हणाले, "लहानपणापासून तुझंच ऐकत आले. आज नाही ऐकणार. ही पोर तुला मिळायची नाही."

वारा नव्हता. तरी पानं माझ्या मनगटाला येऊन टेकली. गार होती.

मी कापलं.

घरातून हाक आली, "मावशी, भूक लागली!"

आता चिमणी माझ्याकडेच असते. भाऊजी सुट्टीला येतात. तिचे गाल भरलेत. पिल्लूही माझ्या खिडकीत, लाकडाच्या तुकड्यावर चांगलं धरलंय. मोठं रोप आठवड्यात वाळलं. मी ते स्वतःच्या हाताने जाळलं.

काल चिमणी न्हाऊन आली आणि पलंगावर आडवी होऊन डोकं खाली सोडून पडून राहिली. केसांतून पाणी टपटपत होतं.

"हे काय चाललंय?"

"निथळू दे. नाहीतर मधून कुजतं."

आईचं बघून शिकली असेल. मी तिला उठवलं, खसाखसा केस पुसले, ताट वाढलं. जेवायला बसताना तिने डाव्या हाताने माझं मनगट धरलं. अंगठा बोटांखाली दाबलेला होता. नख रुतलं.

"धर, ताई," मी म्हटलं. "किती धरतेस तेच बघते. पण जेवणार ही पोरच."

ती ताट चाटूनपुसून जेवली. पकड सैल झाली नाही.

"अजून थोडंच," ती म्हणाली.

ताटाकडे तिचं लक्षच नव्हतं. ती माझ्या मनगटाकडे बघत होती.

मी हात काढला नाही.