चौदावी कमान

एकाची भाषा दुसऱ्याच्या मेंदूत रुजवणाऱ्या भाषारोपणाच्या खुर्चीत सुलक्षणा घामाघूम झाली होती. शिकायचं काय, तर तुर्की व्याकरण! परवा तिला तुर्कस्तानातल्या एका डोंगरी बोगद्यावर अभियंता म्हणून रुजू व्हायचं होतं. नवरा निरंजन महिन्यापूर्वीच तिथे कामावर गेला होता. बदल्यात तिची मराठी तिकडच्या अभियंत्यांसाठी टिपली जात होती. खुर्चीवरचा हिरवा दिवा त्या टिपण्याचाच.

सुरुवात मजेत झाली. क्रियापद शेवटी, प्रत्ययापुढे प्रत्यय. मराठी माणसाला परकं वाटावं असं काही नव्हतं. मग आली अट. 'गेलिर्से', म्हणजे तो आला तर. 'गेल्सेय्दी', म्हणजे तो आला असता तर. पहिल्याच वाक्याला उगाचच धास्ती वाटली आणि उजव्या हाताची पेरं आपोआप टेबलावर ठोकू लागली. मग मूठ गच्च मिटली.

"डॉक्टर, हे व्याकरण आहे की भुताटकी?"

डॉ. रेगे हसले नाहीत. "नियम मेंदूत सुटे राहत नाहीत. माणूस 'जर-तर' बोलतो तो स्वतःच्या काळज्यांबद्दल. ज्याची भाषा टिपली त्या दात्याच्या आठवणीतले चेहरे, नावं आम्ही पुसतो. भीती आणि हाताच्या सवयी पुसता येत नाहीत."

"दाता कोण?"

"नेर्मीन. तुमच्याच बोगद्याची तपासनीस. कामातले शब्द जुळावेत म्हणून निवडली. भाषा टिपली त्याच आठवड्यात हृदयविकाराने गेली. टिपण्याआधीच शेवटची तपासणी झाली होती, अहवाल लिहायचा राहिला."

सुलक्षणाने आपल्या मिटलेल्या मुठीकडे पाहिलं. आतून पोकळ आहे का, हे तपासनीस पेरांनी ठोकून बघतात. बोगद्याला आधार देणाऱ्या प्रत्येक कमानीला एकदा. तिने मुद्दाम तेच वाक्य पुन्हा म्हटलं आणि ठोके मोजले. चौदा, आणि मूठ मिटली. पुन्हा म्हटलं. चौदाच.

तिने घाईघाईने फोन लावला.

"निरंजन, कुठे आहेस?"

"आतच. बाराव्या कमानीपाशी. का गं?"

"सगळ्यांना घेऊन बाहेर पड. आत्ताच्या आत्ता!"

"अगं, पण झालं काय?"

"मला वेड लागलंय असं समज, पण पळ!"

वीस मिनिटं ती फोनकडे बघत बसली. मग फोनवर त्याचा खोकला ऐकू आला. "चौदावी कोसळली, सुलू. आम्ही सगळे बाहेर आहोत."

"तू बाहेर आला नसतास तर..." तिला पुढे बोलवेना. ती हमसून हमसून रडली. इतकी भीती तिला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

डोळे पुसताना तिचं लक्ष वर गेलं. हिरवा दिवा चालूच होता; तिची मराठी अजून टिपली जात होती.

"डॉक्टर, हे पुसाल ना?"

"निरंजनचं नाव पुसू," रेगे हळूच म्हणाले. "चेहराही पुसू."