धवल्यांचे दोन डबे

रेडिमेड घ्यायचा की स्वतः बांधायचा, यावरून अंजूरच्या त्या दुमजली घरात पंधरा दिवस धुसफूस चालली होती. ऐकणाऱ्याला वाटलं असतं, नवा बंगलाच उभा राहतोय. प्रश्न होता एका डब्याचा. घरातले सगळे फोटो आणि व्हिडिओ एका जागी साठवायचे, आणि वायफायवरून कुठल्याही टीव्हीवर, फोनवर बघायचे, असा तो डबा.

निमित्त आक्कांचं. रामनाथ आणि कुणाल या दोघा भावांची आई, गावची धवलारीण. लग्नघरी धवले गाऊन देवांना बोलावणं धाडायच्या. गेल्या माघात त्या गेल्या, आणि चाळीस वर्षांचा तो गळा कॅसेटींत, सीड्यांत आणि जुन्या मोबाइलांत विखुरलेला राहिला.

"वहिनी, रेडिमेडच घेऊ," कुणाल म्हणाला. "दोन डिस्क सरकवायच्या, वायर लावायची, झालं. डोक्याला ताप न्हाय."

"आणि बिघडला की कंपनीच्या तोंडाकडे बघत बसायचं?" विनिता म्हणाली. "मी बांधते. ऑफिसातला जुना सीपीयू मिळतोय. जागा दुप्पट होईल, आणि आतला स्क्रू न् स्क्रू आपल्या ओळखीचा."

विनिता रामनाथची बायको, थोरली सून. पूर्णा गावातल्या एका मोठ्या गोदामात ती कॉम्प्युटर सांभाळायची, तेव्हा तिचं बोलणं काही पोकळ नव्हतं. पण खरं कारण तिने नवऱ्यालाही सांगितलं नाही. रेडिमेड आला की तो वरच्या मजल्यावर जाणार, म्हणजे धाकट्या जावेच्या, पूर्वीच्या ताब्यात. आक्काही अशाच पूर्वीच्या ताब्यात गेल्या होत्या. धवले शिकवले ते पूर्वीला. विनिता भिवंडीतल्या मास्तरांची मुलगी; तिला त्यांनी सतरा वर्षांत एकदाच समोर बसवलं, दोन ओळी ऐकल्या आणि हसून म्हणाल्या, "तुजा गला न्हाय गो तसा." नुसतं म्हणाल्या असत्या तरी चाललं असतं. त्या हसल्या, हे विनिताला कधी पचलंच नाही.

शेवटी दोन्ही झालं. वर रेडिमेड आला, काळा, चकचकीत, ओंजळीत मावेल एवढा. खाली विनिताने आपला बांधला. सीपीयूचा खोका गोदामातला, पंखा नारपोलीच्या दुकानातला, पात्यांवर शेजारच्या यंत्रमागांचा कापूस बसलेला. डिस्क तेवढ्या नव्या. तीन रविवार त्यात गेले. दिवा लागला तेव्हा तिने रामनाथला हाक मारून दाखवला. तो "छान" म्हणाला आणि जेवायला बसला.

दोन्ही डब्यांत एकाच डिस्कवरून चारशे बारा फाइली उतरवल्या. वर एक जास्त नाही, खाली एक कमी नाही.

दहाएक दिवस गेले. शिफ्ट संपवून विनिता तीनला घरी आली, तर जिन्यावरून आक्कांचा आवाज येत होता. धवला तिने लगेच ओळखला. तिच्याच लग्नातला, दुसऱ्या दिवशी नव्या सुनेला पाटावर बसवून हळद उतरवताना गायलेला. माझ्या लग्नाचा व्हिडिओ हिला कशाला हवा, असं म्हणेपर्यंत पूर्वीने तीच ओळ म्हटली.

"न्हाय," आक्का म्हणाल्या. "परत घे."

पूर्वीने परत घेतली.

"हां. फुडं चल."

विनिताने खाली तोच व्हिडिओ लावला. अकरा मिनिटं आक्का सलग गायल्या. कुठेही थांबल्या नाहीत, कुणाला काही म्हणाल्या नाहीत. ती वर गेली. पूर्वी टीव्हीसमोर कपड्यांच्या घड्या घालत होती.

"आक्का शिकवतात रोज," नळाला पाणी आलं म्हणावं तशी ती म्हणाली. "खाली न्हाय शिकवत, ताई?"

खरं तर घाबरायला हवं होतं. विनिताला भीती वाटलीच नाही, तिचा नुसता जळफळाट झाला. मेल्यावरही शिकवायचं ते हिलाच!

पूर्वीने ती फाइल पेनड्राइव्हवर काढून दिली, अगदी खुशीने. विनिताने दोन्ही फाइली प्रोग्रॅमने ताडून पाहिल्या. कणभर फरक असता तर आकडे वेगळे आले असते. तीनदा पाहिलं, तिन्ही वेळा सारखेच. पेनड्राइव्ह आपल्या डब्याला लावला, तरी आक्का सलगच गायल्या. म्हणजे खोट फाइलीत नाही, खोट माझ्या डब्यात, असं तिने ठरवून टाकलं. मग पंखा बदलला, वायरी बदलल्या, मेमरी बदलली. खाली आक्का थांबेनात, आणि वरून रोज दुपारी ऐकू यायचं, "परत घे."

वैशाखात गावातल्या एका लग्नात पूर्वी धवले गायली. बायका डोळे पुसत म्हणाल्या, "आक्काच बसल्यात गो मांडवात." विनिता जेवणाच्या पंगतीतून उठून घरी आली.

दुसऱ्या दिवशी कुणाल आणि पूर्वी तिच्या माहेरी गेले, रामनाथ कामावर; विनिताने रजा टाकली. सकाळचे अकरा वाजले होते. विनिताने वर जाऊन डब्याच्या वायरी काढल्या आणि घरात कुणी नसतानाही तो पदराखाली धरून खाली आणला. आपल्या टीव्हीला जोडला. तोच व्हिडिओ लावला.

आक्का गाऊ लागल्या. शेजारी पाटावर तेवीस वर्षांची विनिता, मान खाली, गाल पिवळे. मागे ताटांचा आवाज, पोरांचा गलका.

पहिली ओळ झाली. विनिताने ती म्हटली. आक्का पुढे गेल्या. दुसरी झाली, तिसरी झाली. तिची ओळ संपायच्या आत आक्का पुढची सुरू करत होत्या.

"आक्का," ती म्हणाली. टीव्हीशी बोलताना तिची तिलाच लाज वाटली. "मी विनिता. मला पण शिकवा ना."

आक्का थांबल्या.

मागचा गलका तसाच चालू होता. आक्कांनी मान वर केली. कॅमेऱ्याकडे नाही, त्याच्या थोडं डावीकडे. विनिता सोफ्याच्या त्याच टोकाला बसली होती.

"मी परत घेऊ का?" तिने विचारलं.

आक्का डोळे बारीक करून बघत राहिल्या. मग शेजारच्या नवरीकडे वाकल्या.

"ती कोन गो बसलीय थं?"

नवरीने मान वर केली. त्या व्हिडिओत तिने अकरा मिनिटांत एकदाही मान वर केली नव्हती, हे विनिताला पाठ होतं. नवरी तिला केसांपासून पायांपर्यंत निरखत राहिली. तिला कसली घाई नव्हती.

"कोणी नाही, आक्का," ती म्हणाली. "तुम्ही मला शिकवा."

मग तिने शूटिंगवाल्याला हाताने खूण केली. चित्र जरा डोललं आणि गेलं.

आवाज मात्र गेला नाही. काळ्या पडद्याआडून आक्का एकेक ओळ देत होत्या, आणि नवरी ती म्हणत होती. आवाज विनिताचाच होता. ती एकदाही चुकली नाही.