तिसऱ्या कोर्टावरचा दिवा

बसा रे नीट, घाई कसली? मी काही शिकलेला माणूस नाही, सावकाशच सांगणार. माझ्या साडूची गोष्ट आहे ही. तो हल्ली कुणाशी फारसं बोलत नाही. खरं सांगू का, त्यात कुणाचं काही नुकसान नाही.

साडू विजेची कामं घ्यायचा. बॅडमिंटनच्या बंद हॉलमधले दिवे बसवायचे. ते कोर्टाच्या डोक्यावर लावत नाहीत, दोन्ही अंगांना ओळीत लावतात. नाहीतर खेळणारा वर बघतो, डोळे दिपतात आणि फूल, म्हणजे शटल, दिसतच नाही. एवढीशी गोष्ट साडू अशी सांगायचा, जसा काही सूर्य त्यानेच टांगलाय. समोरचा माणूस त्याला कायम अर्धाच दिसायचा. बायकोच्या माहेरचे भिकारी, कामावरची पोरं गाढवं. मला जेवायला बोलवायचा आणि दारातच विचारायचा, अजून तीच चप्पल का म्हणून.

त्याच्या हाताखाली एक फिटर होता, उंचीने कमी, डावखुरा. साडू त्याला बुटक्या म्हणायचा, फिटरच्या बायकोसमोरसुद्धा. आता या विजेवाल्या लोकांत एक रीत असते. जो वर चढणार, त्याने खाली पॅनलमधलं मेन बटण पाडायचं आणि त्यावर आपलं फडकं बांधायचं. ते दुसऱ्या कुणी सोडायचं नाही. चढलेला खाली उतरेल, तोच सोडेल.

एका दुपारी हॉलचे मालक आले. साडूला त्यांना उजेड दाखवायची भारी हौस. फिटर वर होता. साडूने फडकं सोडलं आणि बटण वर केलं.

फिटर गेला.

फडकं साडूच्या खिशात गेलं. बुटक्याने ते बांधलंच नव्हतं, आपल्या गलथानपणाने मेला, असं त्याने सगळ्यांना सांगितलं. फिटरच्या बायकोची समजूत घालायला आलेले लोकसुद्धा तेच ऐकवून जायचे. मला साडू म्हणाला, "मरायचंच होतं तर दुसऱ्याच्या कामावर मरायचं."

हॉल रविवारी सकाळी सुरू व्हायचा होता. शनिवारी रात्री, जेवणं झाल्यावर, तिसऱ्या कोर्टाच्या कोपऱ्यातला दिवा लुकलुकायला लागला. फिटर जिथून पडला तोच. पोरं म्हणाली, शेठ, आत्ता नको, पहाटे येऊन करतो. साडूने त्यांची भित्री म्हणून टर उडवली, घरी हाकललं आणि एकटाच चढला. मेन पाडला होता. फडकं बांधलं नाही. ते बांधणं म्हणजे त्याला गड्यांचं काम वाटायचं. शिवाय आत होतंच कोण? वॉचमन बाहेर फाटकाशी. यापुढची अर्धी गोष्ट मी या वॉचमनकडून ऐकली, अर्धी नंतर चढलेल्या तापात साडूच्या तोंडून बाहेर पडली.

वर लोखंडी पट्टीवर तो पोटावर पडला. कपाळाला बॅटरी. जोड उघडला, तारा सोलल्या. दोन्ही हातांत उघडी तार.

खाली आवाज झाला. लाकडी फरशीवर रबरी बूट घासल्याचा.

वॉचमन असेल म्हणून साडूने शिवी हासडली.

बूट चालत होते. सावकाश. पहिलं कोर्ट... दुसरं...

त्याने मान वळवून उजेड खाली टाकला. फरशी. पांढऱ्या रेषा. कुणी नाही. आवाज मात्र त्या उजेडातून चालत गेला...

पॅनलकडे.

पॅनलचं दार करकरलं.

तार टाकून द्यायची, एवढंही जमेना. बोटंच उघडेनात. कोण आहे, म्हणून विचारलं. मी वर आहे, म्हणून ओरडला.

मग टक्. बटणावरून बोट फिरावं तसं. टक्... टक्... एकेक करत. मेनच्या जवळ.

मग साडू ओरडला. फाटकाशी बसलेला वॉचमन म्हणतो, तो आवाज त्याचा वाटलाच नाही.

"बांधलं होतंस. तू फडकं बांधलं होतंस... मी सोडलं."

टक् थांबलं.

...

वॉचमन धावत आत गेला तेव्हा पॅनलचं दार सताड उघडं. मेन पडलेलाच. साडू शिडीच्या पायाशी बसलेला, जोड वर तसाच उघडा. वॉचमनने त्याला बाहेर काढलं, हॉलला कुलूप घातलं आणि घरी आणून सोडलं. ऐकलेलं मात्र पोटात ठेवलं नाही. सकाळ व्हायच्या आत फिटरच्या बायकोच्या दारात गेला आणि शब्दन् शब्द सांगितला.

दोन दिवसांनी ताप उतरला. मी उशाशी होतो. वाटलं, आता तरी याच्या डोळ्यांत पाणी येईल. तर म्हणतो कसा, "वर उकाडा होता, बरळलो असेन. त्या बुटक्याला मेल्यावर एवढी अक्कल येतेय होय?"

तेवढ्यात कामावरची पोरं आली. रविवारी पहाटे वॉचमनकडून कुलूप उघडून घेऊन ती जोड करायला चढली होती. पण जोड आधीच झालेला होता. मेन चढवला तर दिवा लागला, जराही न लुकलुकता. एकाने वरूनच मोबाइलवर फोटो काढला होता, तो त्याने साडूपुढे धरला.

काळी टेप. घट्ट, साफ, एक सुरकुती नाही. फक्त उलट्या बाजूने गुंडाळलेली, डावखुरा गुंडाळतो तशी.

साडूने एकेका पोराच्या हाताकडे पाहिलं.

त्यांच्यात आता डावखुरं कुणी उरलं नव्हतं.