गच्चीवरची गाडी

नागसेन सरांनी वाफेच्या इंजिनाचा नाद लावून घेतला तो डॉक्टरांनी मन रमवायला सांगितलं म्हणून. लातुरातल्या एका क्लासमध्ये ते फिजिक्स शिकवत. पहाटेपासून दुपारपर्यंत पोरांचे घोळके, आणि घरी आलं की चिडीचूप. भूकंपाला नऊ वर्षं होत आली होती. त्या पहाटे सर क्लाससाठी लातुरात होते. दिपाली आणि सहा वर्षांची सुजाता तेरणेकाठच्या गावी, सरांच्या आईवडिलांकडे. ढिगाऱ्यातून एकटी दिपाली जिवंत निघाली. तेव्हापासून तिने लेकीचं नाव एकदाही घेतलं नव्हतं.

नांदेडला करीमभाईंचं लेथचं दुकान होतं. हौस म्हणून ते पितळेची हातभर लांबीची इंजिनं बनवत, रुळांवर पळणारी, खऱ्या वाफेची. त्यांनी सरांना एक इंजिन, एक उघडा डबा आणि गोल जोडायचे रूळ दिले.

"बॅटरीत घालतात ते पानी भरा, सर. नळाचं नको, क्षार धरतो. दट्ट्याला तेल विसरू नका. अन् स्पिरिटची आग उन्हात दिसत न्हाई, म्हणून हात घालू नका."

सरांनी गच्चीवर रूळ मांडले. पहिल्या दिवशी वाफच धरेना. दुसऱ्या दिवशी धरली, शिट्टी वाजली आणि इंजिन तुरुतुरु पळालं. सर कितीतरी वर्षांनी एकटेच हसले.

मग त्यांनी डबा जोडला.

जिन्याच्या दाराजवळ आलं की इंजिन मंद व्हायचं. तिथून पुढचा सगळा फेरा चढ असल्यासारखं धापा टाकत जायचं. सरांनी पाणसळ लावून पाहिली, रूळ सपाट होते. रुळांचे तुकडे अदलून बदलून पाहिले. डबा सोडून इंजिन एकटं पळवलं, तर ते मजेत पळे. डबा जोडला की पुन्हा तेच, जिन्याच्याच दाराशी. त्यांनी डबा हातावर तोलला. हलकाच होता.

एके दुपारी इंजिन तिथे थांबलंच. वाफ भरपूर होती, झडपेतून फुसफुसत होती. सर ढकलायला वाकले. वाळलेले कपडे काढायला आलेली दिपाली मागे उभी होती.

"ढकलू नका," ती म्हणाली. "चढू द्या तिला."

"कुणाला?"

जराशाने गाडी आपणहून हलली आणि जड जड फिरू लागली. दिपाली तिथेच खाली बसली. डोळे वाहत होते, तरी ती गाडीकडे बघून मान डोलवत होती, झोक्यावरच्या लेकराकडे बघून डोलवावी तशी.

त्यानंतर ती रोज दुपारी सतरंजी घेऊन वर येऊ लागली. सुजाताबद्दल बोलू लागली. तिला पापुद्र्याची भाकर लागायची, ती कोंबडीला घाबरायची. सर ऐकत राहायचे. आपल्याला काय दिसतंय आणि काय नाही, हे त्यांनी स्वतःला विचारणं सोडून दिलं.

पण गाडी दिवसेंदिवस जड होत गेली. शेवटी ती जिन्यापासून हलेचना.

"एकटी कशी येईल ती?" दिपाली म्हणाली. "गावच्या गल्लीतली लेकरं आणलीत संगं."

सर पुन्हा नांदेडला गेले. मोठं इंजिन आणि आणखी डबे मागितले.

"एवढी ताकद कशाला, सर? गच्चीवर काय ओढायचंय?"

"लेकरं."

"हाव, क्लासची पोरं येत असतील बघायला," करीमभाई हसले. डब्यांत विटा भरून त्यांनी दुकानातच इंजिन चालवून दाखवलं. विटा लीलया ओढल्या त्याने.

लातुरात आल्यावर पहिले फेरे झकास झाले. मग गाडी जिन्याशी थांबली.

चाकं जागच्या जागी फिरू लागली. रूळ करकरले.

दिपाली जिन्याच्या दाराकडे बघत राहिली.

"आग विझवू का?" सरांनी विचारलं. आवाज त्यांना स्वतःचा वाटला नाही.

"नका. वाटेत कुठं उतरतील सगळी?"

शिट्टी आपोआप वाजली, बारीक, आणि थांबली.

दिपालीने पदर डोक्यावर घेतला, गावी सासूसासऱ्यांपुढे घ्यायची तसा. तिने लेकरांसाठी कधी तो घेतला नव्हता. मग ती सतरंजीवर थोडी बाजूला सरकली.

"या," ती हळूच म्हणाली. "बसा."

वारा सुटला होता. दोरीवरचे कपडे उडत होते. तिच्या शेजारचं सतरंजीचं फडफडणारं टोक तेवढं खाली दबलं आणि तसंच राहिलं.