पलीकडच्या काठावरचं गवत

“यंदा गाव बिट्टी निवडणार!” बाबांनी जाहीर केलं, आणि भिंगरीचा पावाचा तुकडा चहात बुडाला तो बुडालाच.

तळ्याकाठी गावं दोनच. बस थांबते ते धक्क्याचं गाव, आणि लाँचने पलीकडे गेलं की टेकडीचं गाव. दर सुट्टीत मुक्कामाचं गाव भिंगरीच ठरवायची, आणि ते नेहमी धक्क्याचंच असायचं. यंदा तिची आत्येबहीण बिट्टी पहिल्यांदाच सोबत आली होती. काल संध्याकाळी सगळे धक्क्याच्या गावात पोचले होते, आणि आता पुढचा बेत ठरत होता.

“मामा, टेकडीचं गाव! तिथून सगळं तळं दिसेल,” बिट्टी म्हणाली.

“वा! याला म्हणतात विचार!”

भिंगरीला मिरची झोंबली. इतक्या वेळा तिनं गाव निवडलं, पण तिच्या वाट्याला एकदाही ‘वा’ आलं नव्हतं!

“ताई, तुझ्या नाकाचा शेंडा लाल झालाय,” धाकटा ढब्बू कुजबुजला.

“गप रे! पाव खा.”

बिल घेऊन आलेले लॉजवाले काका मिशीतल्या मिशीत हसले. “जा खुशाल! पण तिकडचा काठ म्हणजे नुसतं कुजकं पाणगवत. आमचा काठ बघा, आरसा आहे आरसा!”

काकांचं म्हणणं खरं निघालं. टेकडीच्या गावात उतरताच सगळ्यांनी नाकं दाबली. काठभर हिरव्या-काळ्या गवताचे ढीग! पोहणं सोडाच, पाण्यापर्यंत पोचणंही कठीण.

“उद्या सकाळच्या लाँचने परत,” बाबा म्हणाले. तिथल्या लॉजवाल्या मावशींचा चेहरा पडला. “हे असंच चालतं हो. पाहुणे येतात आणि नाक दाबून परत जातात.”

“मी म्हटलं नव्हतं?” भिंगरी म्हणाली.

“नव्हतंच म्हटलं,” ढब्बू म्हणाला.

भिंगरी खुशीत काठावर गेली आणि गवताची एक काडी उचलून फिरवू लागली. फिरवता फिरवता तिचा हात थांबला. लाटांनी उपटलेल्या गवताला मुळं असतात, नाहीतर टोक फाटलेलं असतं. ही काडी तर आई पालक चिरते तशी सफाईने तिरकी कापलेली! तिनं दुसरी उचलली. तीही तशीच!

मग तिला आठवलं. काल संध्याकाळी तिनं खिडकीतून पाहिलं होतं. मिशीवाल्या काकांचा माणूस होडीतून विळ्यानं गवत कापत होता आणि बांबूनं आत ढकलत होता. वारा गावाकडून तळ्याकडे सुटला होता. म्हणजे तिकडचा आरसा पुसून कचरा इकडे!

पण हे सांगितलं तर बिट्टीचंच गाव चांगलं ठरणार. पुन्हा ‘वा बिट्टी’! भिंगरीनं काडी खिशात कोंबली.

खोलीत बिट्टी पिशवी भरत होती. “तूच निवडायला हवं होतंस गं,” ती खाली मान घालून म्हणाली. “तुला इथलं सगळं माहीत असतं. मामा आता मला कधीच विचारणार नाहीत.”

भिंगरीच्या खिशातली काडी जणू टोचू लागली. मग तिनं काडी काढून बिट्टीपुढे धरली. “हे बघ. कापलंय कुणीतरी. आणि कुणी ते मला माहीत आहे.”

सगळं ऐकून बिट्टीचे डोळे चमकले. “पण काका कबूल करतील? पुरावा हवा! मामींच्या विणकामाच्या पिशवीत पिवळी लोकर आहे ना?”

नशिबानं ढब्बूची टोपी पलीकडच्या लॉजवर राहिली होती. आईला घेऊन तिघं दुपारच्या लाँचने गेली. आई टोपी शोधत होती आणि उद्या परत येतोय असं काकांना सांगत होती, तोवर मुलींनी धक्क्याजवळच्या उभ्या गवताला लोकरीचे तुकडे बांधले; मग सगळी टेकडीच्या गावात परतली.

सकाळी मावशी निरोप द्यायला काठावर आल्या, तर पाहुण्यांना न्यायला मिशीवाले काका स्वतः हजर! “म्हटलं नव्हतं? गवताचं गाव!”

“काका, पण हे येतं कुठून?” भिंगरीनं विचारलं.

“इथंच उगवतं, बाळ.”

“आणि ही?” बिट्टीनं ढिगातून एक काडी ओढली. तिच्यावर पिवळी गाठ! ढब्बूनं दुसरी शोधली, भिंगरीनं तिसरी. ती म्हणाली, “इथल्या काड्या विळ्यानं कापलेल्या दिसल्या, म्हणून काल तुमच्या धक्क्याजवळ लोकर बांधली होती. लोकरही इथंच उगवते का?”

काकांच्या मिशा खाली आल्या. “कापलेलं वर ओढायला फार मेहनत पडते... ढकललं की झालं. आधी नुसता आळस होता. मग पाहुणे माझ्याकडे परत यायला लागले. तुमच्या टेकडीचंच सगळे कौतुक करतात हो, मावशी. पोटात दुखायचं.”

भिंगरीनं पटकन नजर वळवली. ते दुखणं तिला चांगलंच ठाऊक होतं.

“मग आता हात दुखू देत!” मावशींनी त्यांच्या हाती दाताळं दिलं. “आधी हा काठ साफ करा. आणि यापुढे कापाल ते तुमच्याच काठावर ओढायचं!”

काका मुकाट्यानं गवत ओढू लागले. मावशींनी भिंगरीच्या पाठीवर थाप मारली. “साध्या काडीवरून ओळखलंस! हुशार पोर!”

“आपण इथंच राहायचं,” बाबा म्हणाले. “वा, भिंगरी! वा!”

अखेर मिळालं! भिंगरीनं ऐटीत मान वर केली, आणि तिला बिट्टी दिसली. ती हसत होती, पण तिच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता.

“बाबा, लोकरीची युक्ती बिट्टीची,” भिंगरी मोठ्यानं म्हणाली. “आणि गावही तिनंच निवडलं.”

“वा, बिट्टी!”

“आणि टोपी मी विसरलो म्हणून हे सगळं जमलं!” ढब्बू ओरडला. “माझं ‘वा’ कुठाय?”